स्ट्रॅथहोमचे आख्यान

पदव्युत्तर प्रबंधिकांचे विषय निश्चित करणाऱ्या एका समितीत मागील वर्षी माझ्या एका वाक्यामुळे एका विद्यार्थिनीचा विषय नाकारला गेला. संगणकावरील रणनीती-खेळांसाठी चाहत्यांनी रचलेल्या अद्भुतकथा, असा तो विषय होता. समितीतील ज्येष्ठ सदस्य हसले. पण तेवढ्याने काही बिघडले नसते, कारण मुलगी तयारीची होती आणि हसण्याला उत्तर देता येते. मग माझे मत विचारले गेले. मी म्हणाले, ''यात संहिता कोणती?'' प्रश्न विद्वत्तेचा वाटावा असा होता. एस्पेन आर्सेथ यांचे 'सायबरटेक्स्ट' (१९९७) मी वाचलेले होते. वाचकाने स्वतः काही खटपट केल्याखेरीज ज्यांतून पुढे सरकताच येत नाही अशा रचनांचा विचार नेहमीच्या वाचनव्यवहाराच्या परिभाषेत पुरता मावत नाही, हे मी समितीला समजावून सांगितले. आर्सेथ यांनी जो भेद या रचनांकडे नीट पाहता यावे म्हणून केला, तो मी दार लावून घेण्यासाठी वापरला. मुलीने पोथी मिटावी तशी आपली वही मिटली. आज ती एका संतकवीच्या अभंगांवर लिहीत आहे, आणि चांगले लिहीत आहे.

घरी परतताना जी अस्वस्थता जाणवली तिचे कारण मला ठाऊक होते. अशी एक रचना माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझ्या प्रबंधाच्या शेजारी घडलेली होती आणि मी ती कधी पाहिली नव्हती.

२००४ साली सांगलीच्या आमच्या घरात एकच संगणक होता. दिवसा त्यावर मी प्राचीन मराठीतील स्वयंवरकाव्यांवरचा प्रबंध टंकित करीत असे. रात्री जेवणे झाली की तो धाकट्या भावाच्या ताब्यात जाई. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. तो खेळत नसे, 'करत' असे. ''ताई, एक मोहीम करतोय,'' एवढेच तो सांगे. सकाळी मी संगणक सुरू करी तेव्हा पडद्यावर कधी अर्धवट शहर असे, कधी नुसता डोंगर. मी ते बंद करून नरेंद्राच्या ओव्यांकडे वळत असे. एकदा त्याने विचारले, ''ताई, म्हातारी माणसं घर सोडून जायला नको म्हणतात, ते कसं लिहायचं?'' मी म्हटले, ''खेळात कशाला हवंय ते?'' पुन्हा त्याने विचारले नाही.

ज्या खेळात त्याची ही मोहीम उभी होती त्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण या नियतकालिकाच्या बहुतेक वाचकांची स्थिती तेव्हाच्या माझ्यासारखीच असावी. ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या अमेरिकी कंपनीने जुलै २००२ मध्ये 'वॉरक्राफ्ट थ्री: रेन ऑफ केऑस' हा खेळ आणला आणि २००३ मध्ये 'द फ्रोजन थ्रोन' ही त्याची पुरवणी. या प्रकाराला रिअल-टाइम स्ट्रॅटेजी म्हणतात. बुद्धिबळाप्रमाणे पाळीपाळीने चाल करायची नसते. काळ सतत वाहत असतो. खेळणारा घारीसारखा वरून भूमी पाहतो, सोने आणि लाकूड गोळा करवतो, इमारती उभारतो, सैन्य जमवतो. माणसे निवडायची तर माउसने त्यांच्याभोवती एक चौकोन ओढायचा. या खेळात एका चौकोनात बाराच मावतात. खेळासोबत 'वर्ल्ड एडिटर' नावाचे साधन मिळत असे. कंपनीच्याच पात्रांतून, झाडांतून, घरांतून आपले नकाशे रचावेत, आणि पुरवणी आल्यावर असे अनेक नकाशे एका मोहिमेत गुंफावेत, अशी त्यात सोय होती.

हे गुंफणे ज्याच्या आधारे होते त्याला ट्रिगर म्हणतात. त्याची तीन अंगे: घटना, अट आणि कृती. कोणी वेशीपाशी आले, त्याच्याजवळ अमुक वस्तू असली, तर दार उघडावे. संपूर्ण कथा अशा शेकडो ट्रिगरांची बनलेली असते. व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथा उलगडून त्यांच्या तळाशी जी कार्ये दाखवली त्यांची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. फरक असा की प्रॉपना कथा आधी मिळाली आणि सांगाडा नंतर. येथे रचनाकाराच्या हाती आधी सांगाडा असतो आणि कथा त्याने आणायची असते.

भावाने मात्र कथाही आणली नव्हती. ती खेळातच होती. मूळ खेळाच्या मानवांच्या मोहिमेत लॉर्डेरॉनचा राजपुत्र आर्थस हा नायक आहे. राज्यात एक साथ पसरते. अँडोरहाल या गावाहून गेलेल्या धान्यातून ती पसरते आणि ते धान्य खाणारी माणसे मरून प्रेतरूपाने उठतात. सहाव्या प्रकरणात आर्थस स्ट्रॅथहोम नगराच्या वेशीवर पोहोचतो. धान्य आत वाटले गेलेले आहे. नगरजन अजून जिवंत आहेत, पण किती काळ, हे कोणास ठाऊक नाही. सर्वांना मारून टाकावे, असा निर्णय तो घेतो. त्याचा गुरू ऊथर नकार देतो, जेना त्याच्यापासून दूर होते, आणि खेळणाऱ्याला मात्र नकार देण्याची सोय नाही. मालगॅनिस या राक्षसापेक्षा आधी शंभराचा आकडा गाठायचा असतो. घरे फोडायची, आतून माणसे बाहेर पडतात. आकडा पडद्यावर मोजला जातो. आर्थसच्या अधःपाताची ही पहिली ठळक पायरी आहे. पुढे तो शापित तलवार उचलतो आणि बापाचा वध करतो. मूळ खेळाच्या कर्त्यांनी ही पायरी खेळणाऱ्याच्या हातून चढवून घेतली, ही त्यांची कल्पकता मान्य करावी लागते. पण त्या घरांतील माणसांना त्यांनी नावे दिलेली नाहीत.

भावाची मोहीम त्या घरांतून सुरू होते.

समितीच्या त्या बैठकीनंतर मी त्याला फोन केला. तो आता पुण्यात एका कारखान्यात नियंत्रण-प्रणालीचे काम पाहतो. मोहिमेविषयी विचारल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही; मग म्हणाला, ''आहे ना. जुना लॅपटॉप आहे, त्यात जुनी आवृत्तीपण आहे. पण ताई, तुला तो खेळ येत नाही.'' पुढच्या रविवारी त्याने लॅपटॉप आणून दिला, माउस कसा धरावा ते दाखवले आणि निघून गेला. मला वाटते, मी ते खेळताना त्याला तेथे थांबायचे नव्हते.

पहिल्या भागात तुमच्याकडे सैन्य नाही. एक माणूस आहे आणि धान्याची पोती आहेत. स्ट्रॅथहोमच्या एका आळीत वीस घरे आहेत. प्रत्येक घरात तीन माणसे. अँडोरहालहून आलेले धान्य घरोघर पोहोचवायचे. प्रत्येक घरामागे दहा मोहरा मिळतात. दहा घरे झाली की पुढचा भाग खुला होतो. पण कोणी वीस केली तर हरकत नाही. सूर्यप्रकाश आहे, कोंबड्या आहेत, दारात उभी राहून माणसे बोलतात. त्यांचे बोलणे रोमन लिपीत मराठीतून उमटते, कारण त्या खेळात देवनागरी उमटत नसे. बोलणे सांगलीकडचे आहे. पाव न म्हणता तो भाकरी म्हणतो. मुक्तेश्वराने महाभारतात आपल्या काळातल्या गोष्टी घातल्या म्हणून जुन्या समीक्षकांनी त्याच्यावर कालविपर्यासाचा ठपका ठेवला होता. मी वर्गात मुक्तेश्वराची बाजू घेते, तेव्हा भाकरीलाही हरकत घेता येत नाही. मी वीसही घरे केली. चोखपणे काम करण्याची सवय आहे. दोनशे मोहरा झाल्या.

दुसरा भाग रात्रीचा आहे. आर्थसचे सैन्य वेशीकडे निघाल्याची बातमी येते. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेला वेळ उलटा मोजला जात असतो. आता साठ माणसांना मागच्या दिंडीतून बाहेर काढायचे; एका वेळी बारा, म्हणजे पाच खेपा. मूळ खेळात जेथे मारलेल्यांचा आकडा दिसतो, तेथेच येथे सुटलेल्यांचा दिसतो. पहिली खेप निघाली. अर्ध्या वाटेवर बारांपैकी एक जण थांबला, खाली बसला आणि उठला तेव्हा तो माणूस नव्हता. त्याने शेजारच्यांवर झडप घातली. मग दुसरा. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. कोणाच्या घरी धान्य गेले हे पहिल्या भागाने नोंदवून ठेवले होते, आणि ते मीच पोहोचवले होते. वीसही घरी. दिंडीतून एकही माणूस बाहेर पडला नाही. वरच्या पट्टीत दोनशे मोहरा तशाच दिसत होत्या. त्या भागात त्यांनी विकत घेण्यासारखे काही नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केले आणि या खेपेस दहाच घरी धान्य दिले. दुसऱ्या भागात ती दहा घरे वगळली. त्या घरांतली माणसे दारात येऊन उभी राहिली. एक बाई मूल घेऊन चौकोनात येऊ पाहत होती. मी चौकोन लहान ओढला. तीस माणसे न्यायची होती, म्हणजे तीनच खेपा. मी सव्वीस बाहेर काढली आणि मला आनंद झाला. हा आनंद नेमका कशाचा, हे कळल्यावर मी लॅपटॉप मिटला. आर्थसचा युक्तिवाद मला कोणी शिकवला नव्हता. अर्ध्या तासात मी तो स्वतःच शोधून काढला होता, आणि तोही अधिक सुबक रूपात, कारण मला तलवार उचलावी लागली नव्हती.

रवींद्रनाथांच्या 'काव्येर उपेक्षिता' या निबंधापासून आपल्याकडे महाकाव्यातील दुर्लक्षितांच्या बाजूने लिहिण्याला मोठी प्रतिष्ठा आली. १९६७ साली 'मृत्युंजय' आणि 'युगान्त' ही दोन्ही पुस्तके मराठीत आली. एकाने कर्णाला आवाज दिला, तर दुसऱ्याने सर्वांनाच जाब विचारला. उपेक्षितांची कथा रचण्यातला नेहमीचा धोका असा की ती सहज वकिली होते. नायकाला खलनायक केले की काम भागते. भावाच्या रचनेत आर्थस जवळजवळ दिसतच नाही. त्याची वकिलीही नाही आणि निर्भर्त्सनाही नाही. त्याचा निर्णय खेळणाऱ्याच्या बोटांत उतरवला आहे, आणि तोही त्याच्या बळींच्या बाजूने. हे कादंबरीला इतक्या थेटपणे साधेल असे मला वाटत नाही. वाचक सहानुभूती देऊन मोकळा होऊ शकतो. येथे चौकोन लहान ओढावा लागतो.

नंतर मी ती मोहीम एडिटरमध्ये उघडली. ट्रिगरांची यादी दिसली. धान्य मिळालेल्या घरांची मोजणी ज्या चलात साठवलेली होती त्याचे नाव त्याने 'पाप' असे ठेवलेले होते. ''पाप'' दहा झाल्याशिवाय दुसरा भाग उघडत नाही, ही अट मला तेथे उघड्या डोळ्यांनी वाचता आली. म्हणजे निष्पाप राहून ही कथा पुढे नेताच येत नाही. मी त्याला फोनवर मोठ्या उत्साहाने हे सांगितले. तो म्हणाला, ''अगं, नाव छोटं हवं होतं.'' मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही, पण नोंदवणे आवश्यक आहे. अन्वयार्थ लावणाऱ्याने लेखकाला फोन करू नये, हेच खरे.

आता त्या 'संहिता कोणती' या माझ्या प्रश्नाकडे येते. नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर' १२९२ मधले, एकनाथांचे १५७१ मधले. आणि या दोहोंच्या आगेमागे याच कथेवर किती कवींनी लिहिले, हे माझ्या प्रबंधाचे एक प्रकरणच होते. कथा भागवतातली. पात्रे ठरलेली. शेवट ठरलेला, रुक्मिणी शिशुपालाला द्यायची सोय कोणत्याही कवीला नाही. तरी दोन स्वयंवरे वेगळी का वाटतात, याचे उत्तर मी असे दिले होते की आख्यानकवीचे स्वातंत्र्य घटनांत नसते, ते घटनांच्या मधल्या जागांत असते: कोण किती वेळ थांबते, कोणाच्या डोळ्यांनी नगर दिसते, दूताला वाटेत काय वाटते. झेरार झेनेत यांच्या 'पालँप्सेस्त' (१९८२) या ग्रंथातील परिभाषाही मी तेथे वापरली होती. परीक्षकांनी त्या प्रकरणाचे कौतुक केले. नेमक्या त्याच महिन्यांत, त्याच संगणकावर, रात्री कोणीतरी स्ट्रॅथहोमच्या ठरलेल्या शेवटाला हात न लावता त्याच्या मधल्या जागांत साठ माणसे वसवीत होते. वीस घरांचे नगर त्याने आर्थसच्या नव्हे तर धान्य वाटणाऱ्याच्या डोळ्यांनी दाखवले. माझे प्रकरण त्याला तंतोतंत लागू होते.

एक फरक मात्र आहे आणि तो टाळता येणार नाही. महानुभावांच्या 'स्मृतिस्थळा'त नरेंद्राची कथा येते. रामदेवराव यादवाने त्याचे काव्य ऐकले, आणि या काव्यावर आपले नाव घातल्यास ओवीमागे सोन्याचे नाणे देऊ केले. नरेंद्राने नकार दिला. कविकुळाला त्याने बोल लागेल असे तो म्हणाला. मी ही कथा दर वर्षी वर्गात सांगते आणि मुले दर वर्षी गप्प होतात. त्या कथेत राजा नाव विकत मागतो, म्हणजे नाव मुळात कवीचे आहे हे त्यालाही मान्य आहे. भागवताचाही कोणी मालक नव्हता. जानेवारी २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट थ्री'ची नवी आवृत्ती आली तेव्हा कंपनीने चाहत्यांच्या नकाशांविषयी सुधारित धोरण जाहीर केले: अशा रचनांची मालकी सर्वस्वी कंपनीची राहील. यामागे 'डोटा'चा अनुभव असावा, असे अनेकांनी तेव्हा म्हटले. तोही याच एडिटरमध्ये २००३ च्या सुमारास चाहत्यांनी रचलेला, हातोहाती वाढवलेला नकाशा; त्या नावावरून दोन कंपन्यांत वाद झाला, २०१२ मध्ये तो तडजोडीने मिटला आणि २०१३ मध्ये दुसऱ्याच कंपनीचा 'डोटा २' बाजारात आला. कंपनीची भीती समजण्यासारखी आहे. तिची पात्रे, तिची घरे, तिचे आवाज. पण ज्या जगात ऑर्क वावरतात ते टोल्कीनशिवाय उभे राहिले असते का, हेही विचारता येते. भावाची मोहीम त्या धोरणाच्या पुष्कळ आधीची. तिचे कायद्याने काय होते हे वकिलांनी ठरवावे. मी त्याला विचारले तेव्हा त्याने ओवीमागे नाणे मिळत होते काय असे विचारून मलाच निरुत्तर केले.

त्या मोहिमेत एक गोष्ट मात्र कोणत्याही अर्थाने कंपनीची नाही. माणसांवर क्लिक केले की ती मूळ खेळातल्या ध्वनिमुद्रित इंग्रजीत उत्तर देतात. भाऊ त्यांची नावे बदलू शकला, आवाज नाही. एका घरात मात्र म्हातारी आहे. तिच्या घरी धान्य दिले नसेल तर ती वाचू शकते, पण ती चौकोनात येतच नाही. तिच्यावर क्लिक केले की आवाज येतो: ''मी कुठं येऊ आता. तुम्ही जावा.'' हा आमच्या आजीचा आवाज आहे. आजी २००९ साली गेली. स्वस्तातल्या मायक्रोफोनवर तिच्याकडून हे वाक्य केव्हा आणि काय सांगून म्हणवून घेतले, हे भावाला आठवत नाही. मी 'खेळात कशाला हवंय ते' म्हटल्यानंतर तो तिच्याकडे गेला असावा, एवढा तर्क मी करू शकते. तिच्यावर तीनदा क्लिक केले तर ती निघते. हे मला एडिटरमध्ये पाहूनच कळले. खेळताना मी प्रत्येक वेळी एकदा विचारून पुढे गेले होते.

तिसरा भाग अपुरा आहे. दिंडीबाहेरचा रस्ता, दुतर्फा झाडी, रस्त्यावर उभी केलेली बारा माणसे. एकही ट्रिगर नाही. हे असे का, हे विचारल्यावर भाऊ म्हणाला, ''पुढे कंपनीची गोष्टच नव्हती. शहराबाहेर पडलेल्यांचं काय झालं ते खेळात कुठंच नाही. माझं मलाच ठरवायचं होतं, आणि सुचेना.'' मला हे ऐकून किंचित निराशा वाटली, हे कबूल करते. चाहत्याची निर्मिती परोपजीवी असते, या आक्षेपाला माझ्याच साक्षीदाराने पुष्टी दिली होती. पण मग स्वयंवरकाव्ये आठवली. लग्न लागले की तीही थांबतात. द्वारकेत रुक्मिणीचा दुसरा दिवस कसा गेला हे लिहायला ते कवी बसत नाहीत, आणि आपण त्यांना परोपजीवी म्हणत नाही. म्हणावे की काय, याचा मात्र मी पुन्हा विचार करीत आहे; दिलेल्या गोष्टीच्या भिंती जेथे संपतात तेथे आख्यानकवीचा हातही थांबतो, ही त्या प्रकाराची मर्यादा मी प्रबंधात नीट मांडलेली नाही.

त्या विद्यार्थिनीला मी निरोप पाठवला. तिचा नवा विषय आता बदलता येणार नाही. नियम तसे आहेत आणि तिची इच्छाही राहिलेली दिसत नाही. तरी ती एका शनिवारी आली. चहा झाल्यावर मी तिला काही न सांगता लॅपटॉपपुढे बसवले आणि मागे उभी राहिले. ती माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहे. पोती भरभर उचलत ती एकेका दारी थांबत होती, दारातल्या माणसांचे बोलणे मोठ्याने वाचून हसत होती. दहा घरे झाली तेव्हा पुढचा भाग खुला झाल्याची खूण पडद्यावर आली. तिने ती पाहिली, वेळ शिल्लक असल्याचेही पाहिले, आणि अकराव्या दाराकडे वळली.